नाव न सांगता गेलास

दादा, अबू नासिरचा पुन्हा फोन आला होता. त्याचा प्रश्न तोच आहे. दोघांपैकी कोण?

मी काय सांगू त्याला? सांगणारा तू होतास. महेश तुझी शवपेटी घेऊन गावी गेलाय. सईची बोर्डाची परीक्षा चालू आहे, म्हणून मी इथे कुवेतला, फिंतासमध्ये मागे राहिले. सख्खा भाऊ तिकडे चितेवर जाणार आणि मी इकडे पोरीच्या डब्यासाठी पोळ्या लाटतेय. नवऱ्याला मी विमानतळावरच बजावलं, आईसमोर पेटी उघडावीच लागली तर उजवा हात झाकून ठेव. तिने तो हात बघितला तर पहिला प्रश्न हाच विचारील की हे कोणी केलं. आणि महेशकडेही त्याचं उत्तर नाही.

इथल्या मंडळाच्या ग्रुपवर तुझा हेल्मेट घातलेला फोटो फिरतोय. खाली भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, नुसती रांग लागलीय. कोणीतरी लिहिलंय, 'शांत आणि मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व.' मनमिळाऊ म्हणे! मंडळाच्या गणपतीला तुला ओढून न्यावं लागायचं, आणि आरती संपायच्या आत तू चपला शोधायला लागायचास. माणसांशी तुझं कधी जमलंच नाही. जमलं ते कुत्र्यांशी, आणि त्यांच्यापायीच गेलास. हे ग्रुपवर कोणाला माहीत नाही. मी 'इन्फेक्शन' एवढंच कळवलंय. कुत्रं चावून गेला असं लिहिलं असतं, तर इंजेक्शनं घेतली होती का म्हणून लगेच चौकशा सुरू झाल्या असत्या. घेतली होती. कुत्र्यांनीही आणि तूही. रेबीजने नाही गेलास तू, रक्तातल्या साखरेने आणि हट्टाने गेलास.

आपल्या घरात कुत्रं हे लाडाचं जनावर कधी नव्हतंच. बाबांची कुत्री डुकरावर जायची. रानडुकरांनी उभा भात लोळवला की गावातले पुरुष जमायचे आणि आपल्याकडे निरोप यायचा, कुत्री घेवन येवा. आता ते सगळं कायद्याने बंद आहे. बंद झालं ते बरंच झालं असं मी म्हणायचे, तेव्हा तू तोंड फिरवून बसायचास. पण आपण दोघांनी ते बघितलंय. रानातून माणसं परत आली की आधी कुत्र्यांचं पोट. डुकराची आतडी आणि काळीज भातात शिजवून आई केळीच्या मोठ्या पानावर ओतायची, आणि सगळी कुत्री त्या एका पानावर. माणसांचे वाटे त्यानंतर. बाबा काठी घेऊन बाजूला बसायचे, मारायला नाही, बघायला. पानावर जो दुसऱ्यावर गुरगुरला तो पुढच्या खेपेला घरी, मग तो कितीही धाडसी असो. कारण डुक्कर अडवलेलं असताना दोन कुत्री आपसात भिडली, तर ते डुक्कर दोघांना फाडतं आणि मागून येणाऱ्या माणसालाही. शाळेतलं काही तुझ्या डोक्यात राहिलं नाही. हे मात्र शब्दन् शब्द राहिलं.

ते इथे, वाळवंटात, उपयोगी पडेल असं कोणाला वाटलं होतं? शुऐबाच्या प्लांटमध्ये तू स्कॅफोल्डिंगचा सुपरवायझर, अबू नासिर सेफ्टी खात्यातला, निवृत्तीला आलेला कुवेती. कबदला त्याचं जाखूर, म्हणजे मेंढ्या-उंट ठेवायचं पत्र्याचं कुंपण घातलेलं आवार. तिथे त्याने बुलडॉग पाळले होते. पांढरे, रुंद छातीचे, मान आणि डोकं एकाच मापाचं. त्याच्या बायकोच्या माहेरची शेती इराकच्या दक्षिणेला, नदीकाठी, गहू आणि खजूर. तिथे रानडुकरांचा उच्छाद. डुक्कर खायचं नसलं तरी शेतातून हाकलावं लागतंच की. पण त्याने आधी पाठवलेली कुत्री डुकराला सोडून एकमेकांच्याच नरड्याला लागायची. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने हे रडगाणं तुझ्यासमोर गायलं. तू आपल्या हिंदी-अरबीच्या खिचडीत त्याला सांगितलंस की तुमचं निवडतानाच चुकतंय. त्या दिवसापासून तुझे शुक्रवार गेले.

म्हणजे माझेही गेले. शुक्रवारी दुपारी तू आमच्याकडे जेवायला असायचास, ते संध्याकाळवर गेलं. यायचास तो अंगाला मेंढ्यांचा आणि कुत्र्यांचा वास घेऊन. सई ओरडायची, "मामा, यू स्टिंक!" आणि तू मुद्दाम तिला जवळ घ्यायला धावायचास. मी दोघांवर करवादायचे. आज माझ्या कपाटात तुझा एक शर्ट आहे, त्याला साबणाचा वास येतो. मीच धुतला होता तो. कशाला धुतला कोण जाणे.

एकदा मला आणि सईला कबदला घेऊन गेलास. मला वाटलं पिल्लं दाखवशील. तर तू आम्हाला आधी पिल्लांच्या आईसमोर बसवलंस.

"पिल्लू मागसून बघ," म्हणालास. "आवस कशी आसा ती आधी बघ."

ती परक्या माणसाला कशी घेते, शेजारचा कुत्रा दिसला की तिच्या मानेवरचे केस उभे राहतात का, ते बघायला लावलंस. मग पिल्लं. सगळ्यांच्या पाठीवर चढणारं नको आणि कोपऱ्यात दडणारंही नको. पडलं तरी झटकून पुन्हा आपल्या उद्योगाला लागतं ते हवं. वाढलेले दोन नर एका खुराड्यात कधी ठेवायचे नाहीत. ओळख करून द्यायची ती त्यांच्या जागेत नाही, बाहेर मोकळ्या वाळूत, दोघांना दोरीवर धरून एकाच दिशेला चालवत. डुकराला बघून पेटणारा कुत्रा वेगळा आणि दिसेल त्यावर पेटणारा वेगळा, पहिला कामाचा, दुसरा घात करणारा. एरवी कसा आहेस म्हटलं तर "बरो आसय" याच्या पुढे न जाणारा तू, तिथे थांबत नव्हतास. मला आवडत होतं ऐकायला. तुला तसं कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू पुढचे सगळे शुक्रवार मला तिथे उन्हात बसवलं असतंस.

आणि तिथेच आपलं भांडण सुरू झालं. त्या पिल्लांत एक होतं, कानावर तपकिरी डाग, गालफडं लोंबलेली, बसलं की ग्रामसभेला बसल्यासारखं. तू त्याचं नाव सरपंच ठेवलं होतंस. अबू नासिरच्या जिभेला 'प' जमत नाही, तो सरबंच म्हणायचा. दुसरा मास्तर. तो शांत, कधी आवाज न काढणारा. मास्तर तुझ्या सगळ्या परीक्षांत पास झाला होता. सरपंच नापास. शेजारच्या कुत्र्यांवर धावून जायचा, वाऱ्याने पत्रा वाजला तरी भुंकायचा. तुझ्याच नियमाने त्याला तेव्हाच कोणाच्या तरी घराच्या राखणीला द्यायला हवं होतं. तू दिलं नाहीस.

"ह्या बेण्याक कशाक ठेवलंस?" मी विचारलं.

"ह्याचो राग वरवरचो आसा गो. भुकता म्हणजे सांगता. माका त्या मास्तराचीच भीती वाटता. तो काय्येक सांगणा नाय."

"मग मास्तराक काढ."

"तेना काय केल्यान?"

"सरपंचान तरी खंय काय केल्यान? पण करतलो."

"करतलो तेव्हा बघूया," म्हणालास आणि सरपंचाच्या गालफडातली लाळ आपल्या पँटला पुसलीस.

हे भांडण आपण किती वेळा भांडलो असू! जेवताना, गाडीत, फोनवर. मी म्हणायचे, राग हा जातीतच असतो, तो निवडूनच बाहेर काढायचा असतो. तू म्हणायचास, राग नसलेला कुत्रा डुकरासमोर उभाच राहणार नाही. राग हवाच, फक्त तो कुठे वळवायचा ते माणसाने बघायचं. मग मी म्हणायचे, वळवता नाही आला तर? मग तू विषय बदलायचास, नाहीतर कढी आणखी वाढ म्हणायचास. उत्तर दिलं नाहीस कधी. आता तर देणारच नाहीस.

पण घात त्या भांडणात नव्हता. घात आपल्या अंगणातून आला होता. अबू नासिरने तुला सांगितलं होतं, जनावरांच्या डॉक्टरनेही सांगितलं होतं, की बुलडॉगना वेगवेगळं खायला घाला, एकमेकांना दिसणार नाही असं. तू मान डोलावलीस आणि पिल्लांना एका सिनियात वाढलंस. सिनिया म्हणजे ते मोठं गोल ताट, ज्यात इथले लोक मेंढीचा भात मांडून भोवती बसतात. त्यात भात, त्यात मेंढीची आतडी, आणि तू बाजूला उकिडवा. पिल्लं जेवली, कोणी गुरगुरलं नाही, आणि तू मला भर दुपारी फोन केलास. "बघ, बाबांचा पान हयसर पण चलता!" इतका खूश मी तुला इथे आल्यापासून बघितला नव्हता. मीही खूश झाले. आपण दोघंही मूर्ख, दादा. केळीच्या पानाच्या जागी सिनिया आलं आणि आपल्याला वाटलं गाव आलं.

बाबांची कुत्री गावठी होती. एकमेकांना भिणारी, दात दाखवून मागे सरणारी. त्यांच्यात गुरगुरणं म्हणजे बोलणं होतं. बोलून भागलं की मिटलं. ह्या बुलडॉगना पिढ्यानपिढ्या धरून ठेवण्यासाठीच वाढवलंय. ते बोलत नाहीत, धरतात, आणि एकदा धरलं की सोडायचं त्यांना कळत नाही. हे सगळं मला तूच शिकवलंस ना? त्यासाठीच तू लाकडाची पाचर तासून घेतली होतीस, मागच्या दाढांत सरकवून जबडा उघडायची. कुत्री भिडली की पाचर घ्यायची, हात मध्ये घालायचा नाही, असं तू जाखुरावरच्या रफीकला हजारदा बजावलं होतंस. मग तुझा हात तिथे काय करत होता? सांग ना मला.

इराकहून अबू नासिरच्या सासरचे पाहुणे जोडी न्यायला यायचे होते. तू ठरवलंस, सरपंच आणि मास्तर जातील, पण आधी एका ताटावर बघतो. एव्हाना दोघे पुरते वाढलेले नर झाले होते. काय झालं ते मला रफीककडून कळलं. जाखूर सांभाळणारा तो बांगलादेशी म्हातारा माझ्यासमोर हात जोडून रडत होता. "दीदी, हम टंकी पे पानी भर रहा था. आवाज आया तो दौड़ा. दादा का हाथ दोनों के बीच में था. कौन काटा, अल्ला कसम, हम नहीं देखा." पाचर पलीकडच्या पत्र्याला टांगलेली होती. ती आणायला जाशील तोवर एक जण मेला असता, हे तुला दिसलं असणार. म्हणून तू हात घातलास. तेवढ्यात तुझ्या डोक्यात मी नव्हते, आई नव्हती, तुझी साखर नव्हती. ती दोन कुत्री होती फक्त.

त्या शुक्रवारी फोनवर म्हणालास, "आज जेवक येणय नाय, ड्युटी पडली." मी बांगड्यांचं तिखलं केलं होतं, ते डब्यात भरून ठेवलं. पुढच्या शुक्रवारी आलास तो उजवा हात जॅकेटच्या खिशात घालून. ताटावर बसलास आणि डाव्या हाताने जेवायला लागलास. आपल्या घरात डाव्या हाताने जेवणारा माणूस! आईने उलथनं फेकून मारलं असतं. मी तुझा हात खिशातून ओढून काढला. वरून स्वच्छ पट्टी होती. ती सोडली तेव्हा महेश उठून बाहेर गेला आणि सईने नाकावर ओढणी धरली.

"काय्येक नाय गो. प्लांटवरच्या डॉक्टरान गोळयो दिल्यान."

"चल हॉस्पिटलात."

"उद्या."

"उद्या नाय, आत्ता."

"जेवणा तरी पुरा करू दे."

आणि तू जेवलास, डाव्या हाताने, सावकाश, आमटी पिऊन. मी तुझ्या डोक्यावर उभी राहून शिव्या घालत होते. महेशने खाली गाडी चालू करून ठेवली होती.

पुढचं सगळं मला सलग आठवत नाही. डॉक्टरांनी आधी बोटं काढायची म्हटलं आणि काढलीही. मग मनगटाचं बोलू लागले. मग म्हणाले, विष रक्तात उतरलंय, आता काढून उपयोग नाही. ताप चढण्याआधी एकदा मला आत सोडलं होतं. तू शुद्धीवर होतास. नळ्यांमधून बघून हसलास. मी हसले नाही.

"कोण चावलो?" मी विचारलं.

"चावलो खंय? माझो हात मधी इलो."

"सरपंच?"

तू छताकडे बघितलंस.

"मास्तर?"

तू डोळे मिटलेस.

"दादा, नाव सांग माका."

"नाव सांगलंय तर तू तेका मारुक लावशीत."

"लावतलंयच! तुझोच नियम ना? माणसाच्या हाताक लागललो कुत्रो एक दिवस ठेवूचो नाय म्हणान?"

"म्हणानच सांगणय नाय," म्हणालास. मला वाटलं झोपलास. तेवढ्यात डोळे न उघडता म्हणालास, "मास्तराचा काय चुकला नाय, सरपंचाचा पण नाय. पान चुकला माझा." आणि मग, मी जेवले का ते विचारलंस. नर्सने मला बाहेर काढलं. त्यानंतर तू कोणाशीच बोलला नाहीस.

एवढा कसा रे पाषाण झालास? मी तुझी बहीण. तुझ्या पाठीवर बसून फिरलेय, तुझ्या वाटणीचे काजू खाल्लेत, तुझ्या बाजूने आईशी खोटं बोललेय. तुला वाचवायचं होतं ते कुणाला, तर कुत्र्याला, आणि कोणापासून, तर माझ्यापासून! मेल्यानंतर माझ्या हातात काय उरेल याचा विचार केलास का एकदा तरी? कोणावर तरी बोट ठेवता आलं असतं मला. ह्याने मारलं माझ्या भावाला, असं म्हणून रडता आलं असतं. तेवढीही सोय तू ठेवली नाहीस. मी ऑफिसात बसते आणि स्क्रीनवर आकडे दिसत नाहीत, कानावर तपकिरी डाग दिसतो. रस्त्याने जाताना कोणाचं पाळीव कुत्रं दिसलं तर गाडी अंगावर घालावीशी वाटते. ही मी आहे, दादा, जिने लहानपणी बाबांच्या लंगड्या कुत्रीला लपवून भाकरी घातली होती.

अबू नासिर वाईट माणूस नाही. मय्यताच्या कागदांसाठी तोच कंपनीच्या मंदूबला, म्हणजे सरकारी कामं करून देणाऱ्या माणसाला, घेऊन ऑफिसाऑफिसांत फिरला. तुझी पेटी निघाली तेव्हा महेशच्या खांद्याला धरून उभा होता. मला म्हणाला, "उख्ती, मेरा बहन, ये तुम्हारा भाई का खून है. तुम बोलो कौन. डॉक्टर आएगा, सुई देगा, खलास. तुम बोलो दोनों, तो दोनों." पाहुण्यांना त्याने थोपवून धरलंय. माणसाला चावलेला कुत्रा मुलाबाळांच्या घरी पाठवायचा नाही, हे त्याला तूच पढवलं होतंस. आणि न चावलेल्याला विनाकारण मारायचं हे त्याच्याही जिवावर आलंय. म्हणून पुन्हा पुन्हा फोन. माझ्या तोंडाकडे बघत सगळे थांबलेत.

शेवटी मी दोन्ही म्हणायचं ठरवलं. इतकं सोपं होतं ते. एकाने केलं असेल तर तो सुटणार नाही, आणि दुसऱ्याचं मला काही घेणंदेणं नाही. सईला सांगितलं, मी कबदला जाऊन येते. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "यू आर गोइंग टू किल देम." मी म्हटलं, तुझ्या मामाला त्यांनी मारलं. ती म्हणाली, "वन ऑफ देम. मामा न्यू विच वन. ही डिडन्ट टेल यू." मी तिच्यावर ओरडले. मग ती रडली आणि मीही रडले, आणि तरीही मी गाडीची चावी घेऊन निघाले.

शुक्रवारची दुपार होती. हवेत धूळ होती, सूर्य पांढरा दिसत होता. अबू नासिर फाटकाशी उभा होता, रफीक मागे. डॉक्टर त्याच्या गाडीत बसून राहिला होता. मला आत नेलं. दोघांना वेगवेगळ्या टोकांना ठेवलं होतं, मध्ये पत्रा. सरपंचाच्या खांद्यावर फाटल्याची खूण होती, मास्तरचा कान अर्धा गेला होता. मी आधी सरपंचासमोर उभी राहिले. मला वाटलं होतं भुंकेल, जाळीवर उडी मारेल, आणि मला हवा होता तो पुरावा मिळेल. मग मास्तरसमोर गेले, त्याच्या डोळ्यांत काहीतरी गार, लबाड दिसेल म्हणून. किती बावळट! कुत्र्याच्या तोंडावर कबुली शोधत होते मी.

दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही. सरपंच जाळीला नाक लावून उभा होता आणि माझ्या कमरेच्या बाजूने मागे बघत होता, फाटकाबाहेर, माझ्या गाडीकडे. गाडीचा दरवाजा घाईत उघडाच राहिला होता. इकडे मास्तर, त्या पत्र्यामुळे त्याला सरपंच दिसतही नव्हता, तोही तिकडेच बघत होता. मला कळायला वेळ लागला. आणखी कोण उतरतंय ते बघत होते दोघं. शुक्रवार होता ना.

मी तिथे वाळूतच बसले. रफीकने पाणी आणलं. अबू नासिर शेजारी उभा राहून हळूच म्हणाला, "उख्ती, कौन?"

"मालूम नहीं."

"तो दोनों?"

डॉक्टर गाडीतून उतरला होता. त्याची बॅग मला दिसत होती. हो म्हणायला तोंड उघडलं, दादा, खरंच उघडलं. पण तुझी वाट बघणारं ह्या देशात माझ्याखेरीज हेच दोघं होते. त्यांनाही संपवलं असतं तर मी एकटी उरले असते. दया-बिया काही नव्हती ती. मला एकटं उरायचं नव्हतं, एवढंच.

"नहीं," मी म्हटलं. "कोई नहीं."

मग मी त्याला सांगितलं की ह्यांना कुठे पाठवायचं नाही. शिकार नाही, इराक नाही. आयुष्यभर वेगळे राहतील, वेगळे जेवतील, मध्ये पत्रा राहील, आणि कोणीही, अगदी कोणीही, त्यांच्या तोंडाजवळ हात न्यायचा नाही. अबू नासिरने छातीवर हात ठेवून मान डोलावली आणि डॉक्टरला परत पाठवलं. फाटकाबाहेर येईपर्यंत मला पश्चात्ताप झाला होता. परत फिरून त्या डॉक्टरला हाक मारावी असं वाटलं. गाडीत बसून स्टिअरिंगवर डोकं आपटलं. घरी आले तर सईने चहा करून ठेवला होता. खूप गोड केला होता.

संध्याकाळी महेशचा गावाहून फोन आला. सगळं पार पडलं म्हणाला. पेटी उघडली नाही. आईने एवढंच विचारलं, तो शेवटी काय बोलला? मी त्याला म्हटलं, सांग, पान चुकलं म्हणाला. ती समजेल. ती समजली असावी, कारण महेश म्हणतो तिने पुढे काही विचारलं नाही.

तू जिंकलास, असं मनात आणू नकोस. त्या दोघांना मी माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. तुला केलेलं नाही. जेवणा पुरा करू दे म्हणालास त्याचं नाही, नाव दाबून ठेवलंस त्याचं नाही, आणि मी वाट बघत असताना त्या दोघांच्या मध्ये हात घातलास त्याचं तर मुळीच नाही. माझ्याकडे अजून खूप बोलायचं आहे, आणि ऐकायला कोणी नाही. ये ना रे. एकदाच येऊन भांड माझ्याशी.